दोन बोटांचं भांडण

प्रिय ठोकळ्या,

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पाकीट तसंच बाजूला टाकलं असशील, तर उचल आणि वाच. मी फोनच करणार होते. पण माझा आवाज ऐकला की तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जाणार नाहीस, मग माझं डोकं फिरेल, आणि सांगायचं ते राहूनच जाईल. कागदाचं एक बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

सगळ्यात आधी हे सांगते की आई सुखरूप आहे. आता तुला वाटेल, तिला काय झालं होतं. मागच्या आठवड्यात उतरताना धावपट्टीवर आपटलेलं विमान तू बातम्यांत पाहिलं असशीलच, विमानाच्या खुर्च्या करणारी आपल्या धंद्यातली माणसं अशी बातमी पाहिल्याशिवाय जेवत नाहीत. चाकाचा पाय मोडला, विमान पोटावर घसरत गवतात जाऊन थांबलं, आणि सगळे प्रवासी बाहेर पडले, तेच ते. त्यात आई होती. धाकट्या भावाकडे राहून परत येत होती. मी विमानतळाबाहेर तिची वाट पाहत उभी होते, आणि बाकीच्या नातेवाइकांना काही कळायच्या आत मला कळलं, कारण दूरवर अग्निशमनच्या गाड्या एकाच दिशेला निघालेल्या दिसल्या.

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीत होती, बोलत होती, आणि माझ्यावर चिडलीही होती. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू आमची कंपनी सोडून गेल्यानंतरची गोष्ट, म्हणून तुला माहीत नसेल. तिची हाडं फार ठिसूळ झाली आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की जिन्यावर पाय घसरून बसली तरी मणका दबू शकतो, आणि या वयात दबला तर ती पुन्हा स्वतःच्या पायांवर चालेलच असं नाही. त्या दिवसापासून मी घरातली पायपुसणीसुद्धा काढून टाकली होती. आणि बाई अख्ख्या विमानासकट आपटून आल्या.

दवाखान्याच्या त्या बोळात दुसऱ्या एका प्रवाशाची बायको माझ्या शेजारी होती. ती मला धीर देत होती, की चालत आल्या आहेत ना, मग काही नसेल. मी मान हलवत होते. तिला कुठे ठाऊक होतं, की माझं अर्धं आयुष्य खुर्चीसकट आपटून पाहायच्या माणसाएवढ्या डमीच्या कमरेतल्या मापकावर किती भार आला ते वाचण्यात गेलंय. जमिनीवर असं सरळ खाली आपटल्यावर भार कुठल्या मणक्यावर येतो, किती येतो, कधी येतो, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. एरवी ज्या ज्ञानावर पगार मिळतो, ते त्या बोळात अगदी नको झालं होतं.

मग डॉक्टर बाहेर आल्या. तरुण पोरगी, माझ्या भाचीएवढी. म्हणाल्या, कुठे काही मोडलेलं नाही, दबलेलं नाही, स्नायू दुखावलेत आणि पट्ट्याचा एक काळानिळा वळ आहे, तो जाईल. मी त्यांना तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग मणक्यांची नावं घेऊन एकेक विचारलं. त्या जरा वैतागल्या, पण सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला, ठोकळ्या. मी मागच्या खुर्चीत बसले आणि रडले, चांगली हमसून रडले. ती खुर्ची कशी होती, टणक की मऊ, हे मला आजही सांगता येणार नाही. आपल्यासारख्या माणसांचं असं कधी होतं का?

आईला मात्र मणक्यांची फिकीर नव्हती. तिला तिच्या बुटांची होती. घसरगुंडीवरून खाली जाताना बूट काढायला लावले, ते विमानातच राहिले, आणि ते नवे होते. हवाई सुंदरीला तिने म्हणे सांगितलं, की बाई, मी हातात धरून जाते, पायात घालत नाही. मागे एवढी रांग खोळंबलेली. शेवटी त्या मुलीने तिला सरळ ढकललं. त्या मुलीचं नाव कळलं तर मी तिला लुगडं-चोळी करीन, असं मी म्हणाले, तर आई म्हणते, आधी माझे बूट आण.

तुझी आणि तिची गट्टी मला आठवते. आपल्या कारखान्यात नवी खुर्ची झाली की गावातली माणसं बोलावून खोट्या केबिनमध्ये बसवायची पद्धत होती, आठवतं ना? खिडकीच्या जागी रंगवलेलं आकाश, आणि लांबच्या प्रवासाइतका वेळ नुसतं बसून राहायचं. निवृत्त शिक्षक, दोन टपाल खात्यातले, ती सारखी डुलक्या काढणारी शिंपीणबाई, आणि आई विणकाम घेऊन. बाकीचे भिडेपोटी छान छान म्हणायचे. आई मात्र पहिल्या घटकेला छान, दुसऱ्या घटकेला कंबर, आणि उतरताना ही खुर्ची ज्याने केली त्याला आधी यात बसवा, असा स्वच्छ निकाल द्यायची. तू तिच्यासाठी चहा घेऊन यायचास आणि तिच्या पायांकडे बघत बसायचास. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळतात, हे माझ्याआधी तुझ्या लक्षात आलं. मी तिची मुलगी असून मला पाठ आणि कंबर याखेरीज काही दिसत नव्हतं.

आणि मग ते भांडण. दोन बोटं जाडीच्या फोमवरून माणसं आयुष्यभराचं वैर धरतात, हे बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. माझी गादी जाड आणि मऊ होती, आईसकट सगळ्यांनी वाखाणलेली. तू ती डमीखाली ठेवून चाचणीची रुळावरची गाडी आपटलीस आणि कमरेतला भार मर्यादेच्या जरासाच खाली आला. मी म्हणाले, पास झाली. तू म्हणालास, काठावर पास झाली. पुन्हा तीच टकळी, की माणूस आधी मऊ फोममध्ये रुततो आणि मग खालचा पत्रा त्याला जास्त जोरात लागतो, स्प्रिंग गेलेल्या सोफ्यावर धपकन बसल्यासारखं. आणि डमी म्हणजे धडधाकट तरुण गडी, पण विमानात काय फक्त गडीच बसतात? मी म्हणाले, आपटणारा लाखात एखादा, बसणारे सगळेच. त्या एकाच्या भीतीने सगळ्यांच्या कमरा का मोडायच्या? तू म्हणालास, कमरा दुखतात, मोडत नाहीत. त्यावर मी काय बोलले ते मला आठवतंय आणि तुलाही आठवत असेल, ते इथे लिहीत नाही. साहेबांनी माझी गादी घेतली. तू समोरच्या कंपनीत गेलास, जाताना टेबल पुसून गेलास आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तुझी ती पातळ, कडक खुर्ची बाजारात आली तेव्हा पोरं मला येऊन सांगायची, ठोकळ्याने खरंच ठोकळा केलाय. मी हसायचे. खोटं कशाला बोलू, मनापासून हसायचे.

परवा आई जरा उठून बसली आणि तिने पहिली तक्रार केली ती त्या विमानातल्या खुर्चीची. बाकडं होतं म्हणे नुसतं, अर्ध्या वाटेतच कंबर धरली. तू आणि तुझी कंपनी करता काय, असं मलाच झापलं. मी म्हटलं, आई, ती आमची नसेल, आमची मऊ असते. तर म्हणते, मऊ नव्हती, पण एक होतं, पाय टेकत होते. पुढची कड अशी उतरती होती, की जन्मात पहिल्यांदा माझे पाय विमानात जमिनीला लागले. आणि आपटलं तेव्हा मी दोन्ही पाय घट्ट रोवून बसले होते.

खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग विमान कंपनीच्या देखभाल खात्यातल्या आपल्या त्या जुन्या जाड्याला फोन करून विचारून घेतलं, त्या विमानात कुठल्या खुर्च्या होत्या म्हणून. त्याने सांगितलं, पण खरं तर त्याची गरज नव्हती. तशी कड तुझ्याखेरीज कुणी कापत नाही.

आता लगेच कॉलर ताठ करू नकोस. तुझी खुर्ची बसायला वाईट आहे, हे मी आजही म्हणते आणि आईही म्हणते, आणि दोन बायका एकाच गोष्टीवर एकमताने बोलत असतील तर ती खरी असते. एका आईच्या पाठीवरून नियम ठरत नाहीत, एवढंही मला कळतं. कोण कुठल्या रांगेत होतं, विमान कुठल्या अंगावर पडलं, यावर पुष्कळ असतं. माझ्या गादीवर ती बसली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडायला बसले होते. कमरेच्या भाराच्या आकड्यापर्यंत आले आणि संगणक बंद केला. ते मला जाणून घ्यायचं नाही. आई खालच्या मजल्यावर शेजारणीला विमानाची गोष्ट सांगते आहे, दरवेळी विमान थोडं थोडं उंचावरून पडतं, आणि ते ऐकत मी हे लिहिते आहे. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? नुसते आभार मानायचे असते तर आईनेच चार ओळी लिहिल्या असत्या. येत्या सोमवारी तुमच्याकडे बैठक आहे, तुझी खुर्ची काढून जाड गादीची आणायची की नाही ते ठरवायला. प्रवाशांच्या तक्रारींनी तुझे साहेब टेकीला आलेत आणि तूही आता हरल्यासारखा गप्प असतोस, असं जाड्या म्हणाला. त्या बैठकीत तुमची खुर्ची का वाईट हे सांगायला त्यांनी बाहेरचा एक तज्ज्ञ बोलावला आहे, त्याचं नाव तुला अजून कुणी सांगितलं नसेल. ती मी आहे. महिन्यापूर्वीच आनंदाने होकार दिला होता, मुद्देही लिहून झाले होते. ते सगळे फाडले. तिथे मी सांगणार आहे की ही खुर्ची कंबर दुखवते आणि कणा वाचवते. दुखण्याचं काय करायचं ते मला येतं, मला याच्या शेजारी बसवा, मी करून देते. पण वाचवण्याचं ज्याला येतं त्याला हात लावू नका. तेव्हा सोमवारी मी दारातून आत येताना दिसले की तोंड पाडून खाली बघू नकोस. मी तुझ्या बाजूने बोलायला येते आहे.

तुझीच,
गादी