झडप तिथीप्रमाणे उघडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
खारघोळ नगरपालिका,
मु. पो. खारघोळ, जिल्हा ठाणे

अर्जदार : श्रीमती मनुबाई दामाजी नाखवा, वय वर्षे ७४, राहणार कोळीवाडा, खारघोळ

विषय : सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची झडप रोज सकाळी दहाला न उघडता ओहोटी लागल्यावर उघडण्याबाबत, आणि त्यापायी झडपचालक श्री. पोपट जगदाळे यांना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ९ डिसेंबर १९९१
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. २० जानेवारी १९९२
३) उत्सव शाखेचा मंडप परवाना, दि. ५ फेब्रुवारी १९९२ (मी मागितला नव्हता)
४) श्री. जगदाळे यांना दिलेली नोटीस, दि. १८ फेब्रुवारी १९९२

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, आमच्या कोळीवाड्यासमोर खाडीत एक लहान बेट आहे. त्याला आम्ही कालवबेट म्हणतो. बेट म्हणजे चार तिवरांची झाडे आणि भोवती काळा खडक. भरतीला खडक बुडतो, ओहोटीला उघडा पडतो, आणि त्यावर कालवे धरतात. नातीच्या भूगोलाच्या पुस्तकात लक्षद्वीपच्या पोवळ्यांच्या खडकांचे चित्र आहे व खाली लिहिले आहे की हे खडक जपले पाहिजेत. आमचा खडक चित्रात घालण्याइतका देखणा नाही, हे मान्य. पण त्याने पाच पिढ्या जेवू घातल्या. पोवळे कोणी खाल्ल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२. मी आठ वर्षांची असताना आईबरोबर कालवे काढायला जाऊ लागले. आई कोयत्याच्या टोकाने कालव उघडायची, आतला गर टोपलीत टाकायची आणि रिकामा शिंपला खडकावरच ठेवायची. शिंपला घरी न्यायचा नाही, हा आमचा नियम. मी एकदा खेळायला दोन उचलले, तर भर खाडीत पाठीत धपाटा बसला. जुन्या शिंपल्यावरच नवी पिल्ले धरतात, हे मला पुढे कळले. धपाटा आधी कळला. त्या वेळी कमरेइतक्या पाण्यात आईचे जोडवे पडले, तर तिने वरूनच पाहून पायाच्या बोटांनी उचलले होते. सन १९८४ च्या सुमारास त्याच ठिकाणी माझा पाय घोट्याइतक्या पाण्यातही मला दिसत नव्हता. इमारती वाढल्या, त्यांची गटारे सरळ खाडीत आली आणि खडकावरचे कालव मेले.

३. म्हणून सन १९८९ मध्ये आपण शुद्धीकरण केंद्र बांधलेत, तेव्हा कोळीवाड्यात सर्वांत जास्त आनंद मला झाला. उद्घाटनाला मी पुढच्या रांगेत होते. सांडपाण्याच्या कारखान्यासाठी पैठणी नेसलेली बाई मी पहिलीच पाहिली, असे त्या वेळचे नगराध्यक्ष म्हणाले होते. सांगायचे कारण, माझी तक्रार केंद्राविरुद्ध नाही. घाण तळ्यात खाली बसते, पंखे पाणी ढवळतात आणि वरचे पाणी झडपेतून खाडीत सुटते, हे सर्व उत्तम आहे. सुटलेले पाणी पिण्याजोगे नसते, हे मात्र आपणही नाकारणार नाही. ते ओहोटीबरोबर गेले तर समुद्राला मिळते. भरतीत सोडले तर उलटे वर येते, खडकावर चार तास उभे राहते आणि बरोबरचा गाळ कालवांच्या तोंडात बसवून जाते.

४. केंद्र होऊनही दोन वर्षे खडक बोडकाच राहिला. पंधरवड्यातले निम्मे दिवस वास येई, निम्मे दिवस येत नसे. शेवटी मी स्वतः केंद्रात गेले. झडप रोज सकाळी दहाला उघडून बाराला बंद करतात, असे कळले. का, असे विचारता श्री. जगदाळे म्हणाले, "मावशी, हापिस दहाला उघडतं, झडप बी दहाला." मी म्हटले, अहो, त्या वेळी भरती असेल तर? ते कऱ्हाडकडचे. म्हणाले, "पाणी उताराला जाणार न्हवं? आमची कृष्णा कधी माघारी फिरल्याली मी तर नाही बघितली." यात त्यांचा दोष नाही. नदीकाठच्या माणसाला पाणी रोज दोनदा मागे वळते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

५. मी मराठी सातवी पास आहे (सन १९३२). आमच्या गुरुजींनी छडी हातात घेऊन पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, पाठ करून घेतली होती. खाडीला तेवढीच लागते. तिथीची पाऊणपट करावी, दुपारी आणि रात्री, दोन्ही बारानंतर तितके वाजता भरती पूर्ण होते. आमची खाडी समुद्रापासून आत असल्याने वर अर्धा तास धरावा. म्हणजे चतुर्थीला चाराची पाऊणकी तीन, भरती साडेतीनला. मग ओहोटी लागली की झडप उघडावी. श्री. जगदाळे यांनी हे दोन दिवसांत आत्मसात केले. गेल्या नवरात्रापासून केंद्रात पंचांगाची दिनदर्शिका लागली आणि झडप तिथीप्रमाणे उघडू लागली. तळ्यात दीड दिवसाचे पाणी मावते, असे आपल्याच फलकावर लिहिले आहे, त्यामुळे थांबण्यास अडचण नाही. शेजारची सगुणा मला म्हणाली, "काय गो मनुबाय, आता गटाराला पन मुहूर्त?" म्हटले, गटाराला नाही गो, कालवांना.

६. डिसेंबरात खडकावर नवी पिल्ले दिसली. नखाएवढी. मी त्याच दिवशी आनंदाने आपणास अर्ज केला (संदर्भ १) की ही पद्धत कायम करावी. तो आनंद मला महाग पडला. आपल्या कार्यालयाने कळवले (संदर्भ २) की "तिथी ही धार्मिक बाब असल्याने मलनिस्सारण विभागास त्यानुसार कार्यवाही करता येत नाही, अर्ज उत्सव शाखेकडे वर्ग करण्यात येत आहे." सोबत विचारणा होती की, सदर वेळा ठरविणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम कळवावे. मी उलटटपाली कळवले : नाव, चंद्र. पदनाम माहीत नाही. नेमणूक फार जुनी आहे व बदली होत नाही.

७. यानंतर उत्सव शाखेने मला माघी चतुर्थीसाठी दहा बाय बारा फुटांचा मंडप मंजूर केला (संदर्भ ३). कर्णा रात्री दहाला बंद करावा व विसर्जनाचा अहवाल आठ दिवसांत सादर करावा, अशा अटी आहेत. गणपतीविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु मंडप बेटावर घातल्यास साडेतीनला विसर्जन आपोआप होईल, मूर्तीचे, मंडपाचे आणि माझेही. परवाना न वापरता परत करीत आहे.

८. एवढ्यावर थांबले असते, तर मी पुन्हा तसदी दिली नसती. पण त्याच चतुर्थीला, दि. ७ फेब्रुवारी रोजी, आपले तपासनीस केंद्रात गेले. झडप दुपारी चारला उघडलेली आणि नोंदवहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "चतुर्थी". त्यावरून श्री. जगदाळे यांना नोटीस मिळाली (संदर्भ ४) की, कामाच्या वेळेत सण पाळल्याबद्दल आपणास कामावरून कमी का करू नये. साहेब, वहीतली मागली पाने तपासनिसांनी उलटली असती तर त्यांना द्वितीया, षष्ठी, नवमीही सापडल्या असत्या. एवढे सण पाळणारा माणूस भूतलावर नाही. श्री. जगदाळे नगरपालिकेत सात वर्षे रोजंदारीवर आहेत, या मार्चअखेर कायम होणार होते, दोन मुली शाळेत आहेत. नोटीस आल्यानंतरही ते मला "मावशी" म्हणूनच हाक मारतात. त्यांनी मला एक शब्दही बोल लावलेला नाही, याचेच मला जास्त लागते. त्यांनी जे केले ते माझ्या सांगण्यावरून केले. वहीत वेळ लिहू नका, तिथी लिहा, म्हणजे चुकणार नाही, हेही मीच सांगितले होते. शिक्षा द्यायचीच असेल तर मला द्यावी. मला कामावरून कमी करण्यास आपणास जड जाईल, ते आपण पाहावे.

९. नोटिशीची सुनावणी बुधवार दि. ४ मार्च रोजी सकाळी अकराला आपल्या दालनात आहे. १ मार्चपासून केंद्रावर बदली माणूस येणार असून झडप नियमाप्रमाणे दहाला उघडेल, असेही कळते. या बाबतीत एक गोष्ट आपल्या निदर्शनास आणणे माझे कर्तव्य आहे. आपली नवी इमारत गेल्या दिवाळीत सुरू झाली. ती बेटाच्या वरच्या अंगाला, खाडीत भराव टाकून उभी आहे आणि आपल्या दालनामागूनच नाला जातो. झडपेचे पाणी भरतीबरोबर बेटावरून त्याच नाल्यात चढते. दिवाळीच्या आधीच श्री. जगदाळे तिथी पाळू लागले होते, त्यामुळे नव्या इमारतीस दहाच्या झडपेचा अनुभव अद्याप आलेला नाही. ४ मार्चला अमावास्या आहे. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा, वर अर्धा तास. भरती पावणेबाराला पूर्ण होईल.

१०. तरी सुनावणीची तारीख व वेळ कृपया बदलू नये. मी श्री. जगदाळे यांच्यासोबत अकराला हजर राहीन. माझी एवढीच नम्र विनंती आहे की, त्या दिवशी दालनाच्या मागील खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि निर्णय पावणेबारानंतर द्यावा.

भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालणारी,
आपली नम्र,

मनुबाई दामाजी नाखवा
दि. २५ फेब्रुवारी १९९२, माघ वद्य अष्टमी

सोबत :
१) मंडप परवाना, मूळ प्रत, न वापरलेला.
२) पाऊणकीचा तक्ता, पंधरापर्यंत, माझ्या अक्षरात. केंद्राच्या भिंतीवर लावावा.
३) कालवबेटाच्या खडकावरील शिंपला, एक. त्यावर नवी पिल्ले अकरा, मोजून पाहावीत. शिंपला खडकावरून उचलण्याची माझ्या आयुष्यातली ही दुसरी वेळ आहे आणि आता धपाटा घालायला आई नाही. तरी खाऱ्या पाण्याच्या बरणीतून काढू नये, आवक क्रमांकाचा शिक्का त्यावर मारू नये आणि पाहून झाल्यावर पोपट जगदाळे यांच्या हाती परत द्यावा. तो खडकावर कुठे ठेवायचा, ते त्यांना माहीत आहे.