दाराकडे पाठ असलेली खुर्ची

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. झोपेचं तेवढं विचारू नकोस. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

जीव वाचवायला देश सोडून आलेल्यांपैकी कुणाला जास्त आधार लागेल, हे ठरवायचं माझं काम. काल एक बाई खुर्चीवर बसेचना. साहेब म्हणाले, "सहकार्य करत नाही, असं लिहा." तसं लिहिलं असतं तर तिचा अर्ज बाराच्या भावात गेला असता.

"अहो, खुर्चीची पाठ दाराकडे आहे. मागून कोण येईल याची तिला धास्ती वाटते," म्हटलं आणि खुर्ची फिरवली. दार उघडंच ठेवलं. बाई बसली, बोलायला लागली. आजपासून साहेबांनी नियमच केलाय, आधी विचारायचं, "कुठे बसता?"

आणि आई, बोलता बोलता ती स्वतःच उठली, दार लावून आली आणि पुन्हा बसली.

तुझी,
धाकटी