पियानो, आतल्या तांदळासकट

मी बायडाबाई धोंडिबा पोकळे, वय चौऱ्याहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाकात घेतलेलं नाही. सून शेफाली चहाच्या निमित्ताने दोनदा डोकावून गेली, त्याला धाक म्हणत नाहीत.

१. राहतं घर मुलगा जयसिंग याला. तो ते बिल्डरला देणार, खुशाल द्यावं. बँकेतलं जे असेल ते त्याने आणि मुलगी रतनने सारखं वाटून घ्यावं.

२. बाहेरच्या खोलीतला पियानो नात निशा हिला. हे कलम जरा लांबेल.

पियानो सोलांजबाईंचा. बाई फ्रान्सच्या. कर्वेनगरला राहायच्या, मुलांना शिकवायच्या, स्वतःचं संगीत रचायच्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. त्यांचा नेम असा, की आधी सूर गळ्यातून काढायचा, मग पट्टीला बोट लावायचं. रविवारी मला घेऊन खडकवासल्याला जायच्या आणि पाण्याकडे तोंड करून डोळे मिटून बसायच्या. मग मीही मिटायचे. पाणी कुठं संपायचं आणि बाईंचं गुणगुणणं कुठं सुरू व्हायचं, ते अजून झोपेत ऐकते, पण उलगडत नाही. न उलगडलेलंच बरं.

एका दसऱ्याला मी पियानोला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

"बायडा, हे काय?"

"आज हत्यारं पुजतात. तुमचं हत्यार हेच की!"

"मग आज वाजवायचं नाही?"

"नाही. आज त्याला विसावा."

बाई दिवसभर त्याच्यासमोर नुसत्या बसून राहिल्या, पाहुण्यासारख्या. दुसऱ्या दिवशी मधली एक पट्टी दबेना. तांदूळ आत गेलेला! दुरुस्तीवाला आला, तर त्यालाच म्हणाल्या, "राहू दे. ती अजून विसाव्यात आहे." आणि त्या गप्प पट्टीभोवती त्यांनी एक चाल रचली. तो सूर आला की त्यांचे हात थांबायचे आणि मी स्वयंपाकघरातून तो लावायचे. पुढं ती चाल त्यांच्या देशात वाजली. तिथल्या पियानोत तांदूळ कुठला! वाजवणाऱ्याने नुसता हात उचलला आणि अख्ख्या सभागृहाने सूर धरला. बाई हे सांगत होत्या आणि माझी पोळी तव्यावर करपत होती. करपू दे म्हटलं.

कायमच्या मायदेशी परत जाताना पियानो मला देऊन गेल्या.

३. जयसिंग म्हणतो, "आई, नव्या फ्लॅटमध्ये जागा नाय. तांदूळ काढून विकून टाकू, गिऱ्हाईक हाय." तर पियानो विकू नये आणि तांदूळ काढू नये. जागा नसेल तर माझा पलंग काढावा. मी तेव्हा नसेनच.

४. शेजारचा मच्छिंद्र पियानोला कपाट म्हणाला होता. त्याला माझं लोखंडी कपाट द्यावं, म्हणजे फरक कळेल.

५. माझ्या तेराव्याला निशाने ती चाल वाजवावी. पियानो गप्प झाला की तो सूर जयसिंगने लावावा. तो म्हणेल, मला गळा नाही. तिथं पियानोलाही नाही.

सही: बायडाबाई पोकळे

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार: दुर्गाबाई चव्हाण, उत्तरेश्वर कांबळे

धायरी, पुणे. दसऱ्याचा दुसरा दिवस, ३ ऑक्टोबर २०२५