ओतून दिलेल्या पेशी

आत्या, आज गावी, न्हावऱ्याला आले आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये सध्या पिल्लांची बॅच नाही. खाली अंथरलेलं तूस काढून जमीन धुतलेली आहे, आणि तू पाण्याची भांडी पालथी घालायचीस त्या कोपऱ्यात पोतं टाकून मी लिहिते आहे. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. दौंडच्या सासरहून परत आलेली तू, सातवी शिकलेली, आणि मला आकडे शिकवलेस ते याच शेडमधल्या पिल्लांच्या नोंदीच्या कार्डावर. शाळा नंतर आली.

मी पुण्याला प्रयोगशाळेत काय करते ते तुझ्या भावाला, अण्णांना अजून नीट सांगता आलेलं नाही. तुला सांगता येईल असं वाटतं, कारण मी कोंबडीच्याच पेशी वाढवते. बशीच्या तळाला चिकटून त्या वाढतात. त्यांच्यात मी एक विषाणू सोडते. तो पेशीचा डीएनए कापतो आणि तिथं स्वतःचा तुकडा जोडतो, पण जोड अर्धवट ठेवतो. दोन्ही बाजूंना फटी राहतात. त्या बुजवते ती पेशीच, स्वतःची रोजची मोडतोड सांधायला तिच्याकडे जी यंत्रणा असते तिनं. घुसणारा परका आणि डागडुजी मात्र घरच्यांनी करायची. ही डागडुजी औषधानं थांबवली तर काय होतं, हे मला पाहायचं होतं. विषाणूचा तुकडा बसून कामाला लागला की पेशी हिरवी चमकते, अशी सोय आम्ही केलेली असते. औषधाच्या बशीत हिरव्या पेशी फारच थोड्या निघाल्या. मी निष्कर्ष काढला की दुरुस्ती नसेल तर विषाणूला आत बसताच येत नाही. विभागात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्यावर शोधनिबंध लिहायला घेतला. माझं पहिलं काम, चार महिन्यांचं.

मोजण्याआधी बशीतलं पाणी ओतून पेशी दोनदा धुवायच्या, अशी माझी पद्धत होती. एका सकाळी ओतता ओतता ते पाणी मला गढूळ दिसलं. मरणारी पेशी तळ सोडते आणि तरंगते, हे मला माहीत होतं. तरी चार महिने मी तेच पाणी ओतून देत होते. बशी हातात धरून मी खिडकीशी उभी राहिले, आणि मला तू दिसलीस.

मी सहा वर्षांची आहे. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर आदल्या दिवशी कार्ड वाचून तुला म्हणालेला आहे, "ताई, पिल्लं वाढवताय का पुरताय?" आणि तू म्हणाली आहेस, "दोन्ही करावं लागतंय, सायेब. तुमी नुसतं लिवताय." तो हसला, तूही हसलीस, पण तुझं तोंड उतरलेलं मी पाहिलं. सकाळी मेलेली पिल्लं वेचायचं काम माझं. अकरा निघतात. मी दोन रिकाम्या पोत्याखाली सारते.

"किती गं?"

"नऊ."

तू कार्डावर मरतूक नऊ लिहितेस. दुपारी पोतं उचलतेस.

"माझ्यासाठी केलंस व्हय?"

मी मान डोलावते.

"आगं येडे, त्यो बोलला तर बोलू दे. मेलेली दिसली न्हाईत तर रोग कसा कळंल? आन् जिती हायती त्यांचं काय?"

मग तू माझे हात साबणानं दोनदा धुतेस, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि पदराला पुसतेस. तो राग होता की माया, मला तेव्हा कळलं नाही. हात मात्र कितीतरी वेळ ऊबदार होते.

ते गढूळ पाणी मी ठेवून दिलं. नुसतं औषध दिलेल्या आणि नुसता विषाणू सोडलेल्या बशांतलं पाणी जवळपास स्वच्छ होतं. दोन्ही एकत्र होते तिथंच पेशी मेल्या होत्या, आणि त्यांच्या डीएनएत विषाणूचा तुकडा जोडलेला सापडला. म्हणजे तो आत बसला होता. फटी बुजल्या नाहीत म्हणून बहुधा पेशीच गेली. मी उरलेल्या मोजल्या आणि विषाणू अडला असं म्हणाले.

मॅडमच्या दारापर्यंत मी तीनदा जाऊन परतले. आता माझ्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, एवढं एकच डोक्यात होतं. चौथ्यांदा आत गेले.

"चार महिने काय मोजलंस मग?"

"चिकटलेल्या पेशी."

"आणि सुटलेल्या?"

"ओतून देत होते."

त्यांनी निबंधाचा मसुदा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "निबंध थांबवू. विभागात परत उभी राहा आणि सांग." मी सांगितलं. एकानं विचारलं, "मग आधीचं सगळं रद्द?" मी हो म्हणाले.

आता निबंध नव्यानं लिहिते आहे. मेलेल्या पेशी त्यात सगळ्यात आधी येतात. फक्त एका ठिकाणी मी लिहिलं आहे, "मोजणीच्या पद्धतीत सुधारणा करण्यात आली." मॅडमनी ते तसंच राहू दिलं, सगळे असंच लिहितात म्हणाल्या. चूक माझी होती, हे त्या वाक्यात कुठंच नाही.

हे पत्र वहीतच राहील. पण आत्ता तू शेजारी बसून "वाच बघू काय लिवलंस" म्हणाली असतीस, तर निबंध मी तुला सगळा वाचून दाखवला असता, आणि ते एक वाक्य तेवढं तुला कळू न देता गाळलं असतं.