एका मानेची उचल

बराकास, ब्युनोस आयर्स
१५ जुलै १९५९

प्रिय एवारिस्तो,

बहिणीच्या घरी तुझं बस्तान बसलं असेल. रोसारियोपेक्षा इथली थंडी ओली, गुडघ्याला जप. थंडीत सोड्याचा खप पडतो, तरी माझं बरं चाललंय. एका घोड्याच्या गाडीवरून तीन मोटारींवर आलो. बढाई मारतोय म्हणशील. मारतोच आहे. रविवारी नाचाच्या क्लबाच्या दारात तू दिसलास, तेव्हापासून मला बढाईची गरज पडू लागली आहे.

केस पिकले लेका तुझे, पण चाल तीच. पाय उचलायचा नाही, जमिनीला विचारत पुढे न्यायचा. चाळीच्या अंगणात हेच शिकवायचास. आपले बाप बोटीतून उतरले तेव्हा दहा पुरुषांमागे एक बाई, म्हणून पुरुषांनीच पुरुषांना धरून तांगो घटवला. आपल्यापर्यंत ती रीत टिकली. दोन वर्षं मीच तुझी बाई होतो. तुझ्या मिठीत माणूस किती निर्धास्त होतो, ते मला पाठ आहे. दुखणं तेच आहे.

एरवी देल्मिरा बायकांच्या रांगेत बसते, मी पुरुषांच्या. कुणाशीही नाचते, मी खुशाल दारू पीत गप्पा मारतो. रविवारी तू आलास आणि मी तिची खुर्ची ओढून माझ्याशेजारी घेतली. नवऱ्याशेजारच्या बाईकडे कुणी नजर टाकत नाही, हा कायदा तुला ठाऊक. कोट सांभाळणाऱ्या एर्मिनियाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय सोडावाले, आज बायकोला कुलूप लावून आणलंत?" लोक हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर देल्मिरा चपला काढत म्हणाली, "टेबलखुर्ची न्यायची होतीस, मला कशाला नेलंस?"

"गर्दी होती गं."

"गर्दी नव्हती. एवारिस्तो होता."

मग दिवा मालवताना म्हणाली, "नासारेनो, त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते असं तुला खरंच वाटलं होतं?"

मी घोरल्याचं सोंग केलं.

एवारिस्तो, एकतीस सालचा तो शनिवार. तू माझ्या बरोबर मागे बसला होतास. पलीकडून तिनं बघितलं, पापणी झुकवून होकार दिला. तो होकार माझ्या खांद्यावरून मागे गेला, तिला नाचायला बोलावणाऱ्या तुझ्या मानेच्या उचलीला. हे मला तेव्हाच कळलं होतं. नजर चुकली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. नजर चुकली नव्हती. मी तुझ्याआधी उठलो. समोर येऊन उभ्या राहिलेल्या पुरुषाला परत पाठवायचं, तर भर सभागृहात त्याचं तोंड काळं होतं. ती तसं करणार नाही, हेही मला ठाऊक होतं. तू अर्ध्या वाटेवरून दारूच्या काउंटरकडे वळलास, जणू तहानच लागली होती. चार महिन्यांनी तू रोसारियोला गेलास, आणि मी लग्नाचं आमंत्रण उशिरा टाकलं. तेही मुद्दामच.

अठ्ठावीस वर्षं ती सुखात आहे, असं मी म्हणतो. तिला कधी विचारलं नाही. सोडा पोचवताना शंभर घरांच्या दारातलं बोलणं ऐकलंय मी. न विचारलेलं कुठल्या घरात कसं वाजतं ते मला कळतं.

येत्या रविवारी ती बायकांच्या रांगेत बसेल. मी खांबापलीकडे बसेन, कुणाच्या नजरेच्या रेषेत येणार नाही. तुला मान उचलायची तर उचल. तिनं नजर फिरवली तर तू गप तहान भागवायला जा. ती उठली, तर एकच फेरी, चार तांगो. शेवटी ती "आभार" म्हणेल तिथे सोड. पाचवा मागू नकोस. तेवढं माझं मन अजून मोठं झालेलं नाही.

आणि नाचताना ती डोळे मिटते की नाही, हे मला कधी सांगू नकोस.

तुझा, आणि अजून तरी तिचा,
नासारेनो