राजाखालची नावं

१७ नोव्हेंबर २०२४
चुलतभाऊ मनोज गावाहून आला होता. बरोबर गुंडाळलेला फ्लेक्स. जमिनीवर अंथरला — आमची वंशावळ, सत्तावीस पिढ्या! सर्वांत वर देवगिरीचे राजे रामदेवराव यादव. सर्वांत खाली मी, मनोज, आमची मुलं.
"आपण जाधव ना, दादा? म्हणजे यादवच की." सिन्नरच्या कोणा अभ्यासकाने काढून दिली म्हणे.
सृष्टी म्हणाली, "पप्पा, उद्या सातपूरला कंपनीच्या बसने जाऊ नका. हत्ती मागवा."
निघताना मनोज देवघरात डोकावला. "टाक लय नीट ठेवलेत, दादा." एवढंच. मला खटकलं.

१९ नोव्हेंबर
चांदीचे तीन टाक. खंडोबा, देवी आणि घराण्याचा वीर. ते थोरल्या घरी असतात, म्हणून आमच्याकडे. पणजोबा कोंडाजींना दोन मुलं — थोरले माझे आजोबा धोंडीराम, धाकटे मनोजचे आजोबा. मनोज गावात खंडोबाचं देऊळ बांधतोय. राजाचं घराणं म्हटल्यावर टाक देवळात हवेत, असं उद्या म्हणेल. त्यासाठीच राजा आणलाय.
बायको, सुवर्णा, म्हणते, "तुम्हाला देवाच्या पाया पडणाऱ्यातही चोर दिसतो." दिसतो खरा. पण रोज सकाळी टाक पुसल्याशिवाय मी घराबाहेर पडलेलो नाही. ते गेले तर काय करू?

२३ नोव्हेंबर
मनोजचा फोन. "चंपाषष्ठीला येतोय. टाकांचं थोडं बोलायचंय."
आलंच.

२४ नोव्हेंबर, रविवार
पंचवटीत आमच्या उपाध्यायांकडे गेलो. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारा त्यांच्या वहीत घराण्याची नावं लिहून सही करतो. मी पहिल्यांदाच गेलो. बाबांनी बजावलं होतं, माझ्या अस्थी गावच्या नदीतच सोड. का, ते विचारलं नव्हतं.
वहीत सहा पिढ्या. राजा नाही. गुरुजी हसले. "राजे इथे सही करून गेले असते, तर मी या पत्र्याखाली बसलो असतो का?"
मनोजचा खोटेपणा पकडला म्हणून बरं वाटलं. मग गुरुजींनी कोंडाजींच्या हातची मोडीतली ओळ वाचून दाखवली — धोंडीराम, सिंहस्थात सापडला, आईबाप ठाऊक नाहीत, साळूबाईने पदरात घेतला.
साळूबाई म्हणजे माझी पणजी. पोटचा मुलगा तिला नंतर झाला. मनोजचे आजोबा.
त्याच पानावर खाली मनोजची सही. २०१३, त्याच्या वडिलांच्या अस्थी आणल्या तेव्हाची. गुरुजी म्हणाले, "त्यांनाही मीच वाचून दाखवलं होतं."

२५ नोव्हेंबर
फ्लेक्स पुन्हा उघडला. कोंडाजींच्या खाली धोंडीराम, थोरला. नावापुढे कसलीही वेगळी खूण नाही. राजा मनोजने कुठून आणला ते मला माहीत नाही. पण माझे आजोबा कुठून आले ते त्याला अकरा वर्षं माहीत होतं.
टाक पुसले. वीराच्या टाकाकडे बघवेना. तो माझा कोण?

७ डिसेंबर, चंपाषष्ठी
तळी भरून झाल्यावर टाक तांबड्या कापडात बांधून मनोजपुढे ठेवले. म्हणालो, "वही वाचून आलो."
त्याने गाठ सोडून तिन्ही टाक होते तसे देवघरात मांडले.
"वीराचा टाक झिजलाय, दादा. नवा घडवायचा का, एवढंच विचारायचं होतं. थोरला तू आहेस."