ऑइलचा दिवा आणि जयसिंगवरचा सूड

२८ सप्टेंबर, रविवार

जयसिंगने आज मला 'काका' म्हटले. नोंद करून ठेवतो. माझे वय त्रेपन्न, त्याचे बावन्न. एका वर्षाच्या अंतरावरून पुतण्या होणारा हा मनुष्य कोथरूडमध्ये उघडपणे गॅरेज चालवतो आणि समाज गप्प बसतो.

दुसरा गुन्हा. गाडीतला ऑइलचा लाल दिवा विझत नाही म्हणून त्याच्याकडे नेली. त्याने प्रेशर मोजले. म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, सेन्सर गेलाय, पण दसऱ्याची गर्दी आहे, गुरुवारनंतर या. मी म्हणालो, एवढेसे काम, मीच करतो. त्यावर, "काका, तुम्ही आपलं संस्कृत शिकवा. ह्याला हात लावू नका." शेजारी माझी मुलगी कादंबरी उभी होती. हसली.

शुक्रवारी ती नोकरीसाठी नाशिकला निघेल. हीच गाडी, एकटी. त्याआधी दिवा विझेल आणि तो मी विझवीन. प्रतिज्ञेसाठी शेंडी सोडावी, तर ती नाही. शर्टाची बाही दुमडली.

२९ सप्टेंबर, सोमवार

व्हिडिओ पाहिले, तीन. एक पोर्तुगीज होता. तोच सर्वांत सुबोध.

सुडाची योजना तयार. दसऱ्याच्या सकाळी हार घातलेली गाडी त्याच्या दारात उभी करायची. खाली उतरायचे नाही. काचेतून आपट्याचे पान द्यायचे आणि म्हणायचे, "सोन्यासारखे राहा, जयसिंगकाका." आरशापुढे म्हणून पाहिले. हेमाने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, कोण काका आलेत?"

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ७. जुना सेन्सर काढायला घेतला. दहा मिनिटांचे काम.

११.४०. निघाला. ऑइल कोपरापर्यंत. वॉचमन सोनबा सबंध वेळ डोक्याशी उभा. शेवटी म्हणाला, "सर, गॅरेजवाल्याला फोन लावू का?" त्याचेही नाव यादीत घेतले.

१.०५. रिक्षाने नाना पेठ. सुट्या भागांचे दुकान एकला बंद झालेले. पाटी: 'दार वाजवल्याने दुकान चारच्या आधी उघडत नाही.' शुद्धलेखन निर्दोष, त्यामुळे भांडताही येईना. पायरीवर बसून राहिलो. सव्वाचारला सेन्सर मिळाला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

घात झाला. आज हत्यारांची पूजा. हेमाने माझे सगळे पाने पुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले. आता उद्यापर्यंत उचलायचे नाहीत. मी म्हणालो, प्रसंग युद्धाचा आहे. ती म्हणाली, "अहो, दहा वर्षांत काल पहिल्यांदा वापरलेत. एक दिवस दमू द्या त्यांना."

शास्त्र मोडणार नाही. परंतु पाने निषिद्ध असले तरी हात निषिद्ध नाहीत. सेन्सर हातानेच पिळून बसवला. जरा ढिला वाटला. मग बाथरूमच्या नळाला लावतो ती पांढरी टेप आणली आणि आट्यांवर सात वेढे दिले. घट्ट! थेंबही गळत नाही. पोर्तुगीज गृहस्थाला हे सुचले नव्हते.

५.५०. गाडी सुरू केली. दिवा नाही! कादंबरी म्हणाली, "बाबा, भारी!" जयसिंगची दया येऊ लागली आहे. येऊ देणार नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी योजनेप्रमाणे निघालो. गाडी कादंबरीने चालवली. पान दिले, वाक्यही म्हटले. जयसिंग मनापासून हसला, "तुम्हीपण राहा, काका." मग सेन्सर नीट बसला का ते पाहायला त्याने कादंबरीच्या बाजूच्या खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि नुसती चावी फिरवली. हसू गेले. बॉनेट उघडले.

"टेप कुणी गुंडाळली?"

मी नळशास्त्रावर चार शब्द बोललो. तो कादंबरीकडे वळला. म्हणाला, "ताई, चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी हा दिवा लागलाच पाहिजे. इथं लागतच नाही. सेन्सरला अर्थिंग मिळतं ते आट्यांतून, ते टेपनं तोडलंय. उद्या घाटात ऑइल सगळं सांडलं असतं ना, तरी तुम्हाला कळलं नसतं."

दहा मिनिटांत त्याने टेप काढून सेन्सर पान्याने आवळला. चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केले, विझला. काढलेली टेप माझ्या हातात ठेवली. रागावला असता तर बरे झाले असते.

संध्याकाळ. हेमा डबे भरते आहे. कादंबरीने दिवा कसा तपासायचा ते त्याच्याकडून दोनदा शिकून घेतले आणि त्याचा नंबर फोनमध्ये घातला. मी शेजारीच उभा होतो.

सूड रद्द. आता खरे लिहितो. उद्या वाटेत काही झाले तर ती जयसिंगला फोन करील. त्यालाच करावा, मी जे करून ठेवले होते त्यानंतर तर नक्कीच. पण आजवर काहीही अडले की ती आधी मला विचारायची. उद्यापासून ती मला कशासाठी फोन करील, ते मला माहीत नाही. त्याची भीती वाटते.